मोरेश्वरची लाल बॅट

बॉल मारल्यावर बॅट टाकायची असते, हे मोरेश्वरला आठ वर्षांत कुणी शिकवू शकलं नाही. सॉफ्टबॉलमध्ये फटका बसला की बॅट तिथेच जमिनीवर सोडायची आणि मोकळ्या हातांनी पहिल्या बेसकडे पळत सुटायचं, हे इथे अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. पण माझा नवरा नागपूरचा, कॉलेज संपेपर्यंत क्रिकेट सोडून दुसरं काही न केलेला. क्रिकेटमध्ये बॅट टाकून पळणाऱ्याला वेड्यात काढतात. त्यामुळे फटका मारला की हा गृहस्थ बॅट घट्ट धरून पळायचा आणि बेस जवळ आला की वाकून बॅट टेकवायचा. समोरच्या टीमचे अमेरिकन पोट धरून हसायचे. आमच्या बाकावरून आरडाओरडा व्हायचा, "मोरूभाऊ, बॅट टाका!" त्यात सगळ्यात वरचा आवाज आमच्या रुचाचा. "बाबा, ड्रॉप द बॅट!"

"टाकतो गं पुढच्या वेळी," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

जित्याची खोड, असं मी म्हणायचे. ती म्हण मी पूर्ण म्हणायचे, अगदी चारचौघांत, हसत हसत. आता ती माझ्या तोंडून निघत नाही.

टीमचं नाव 'मिसळ इलेव्हन'. या स्लो पिच प्रकारात मैदानात दहाच जण उतरतात, पण नाव बदलायला कुणी तयार नाही. सगळे सांता क्लारा नि आसपासच्या कंपन्यांतले मराठी इंजिनिअर. दर शनिवारी सकाळी पार्कच्या मैदानावर मॅच, आणि मॅचनंतर कुणाच्या तरी घरी पोहे. मी लोखंडी पायऱ्यांवर बसून चुका काढायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढायचे मला पैसे मिळतात, नवऱ्याच्या फुकट काढते.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मोरेश्वर म्हणायला लागला की बॅट जड झाली आहे. त्याची ती जुनी अ‍ॅल्युमिनियमची बॅट, तीस औंसांची, म्हणजे साडेआठशे ग्रॅमची. मी म्हटलं, "बॅटचं वजन वाढत नाही, माणसाचं वाढतं. पोट बघ जरा." तो हसला. पण तो खरंच चुकायला लागला होता. स्लो पिचमध्ये बॉल खालून, उंच, अगदी लाडाने टाकतात. असा बॉल चुकणं म्हणजे ताटातला घास नाकात जाण्यातला प्रकार.

मग एकदा सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप पडला. ठेच लागली नाही, धक्का लागला नाही. उभ्या उभ्या उजव्या हाताची बोटं उघडली आणि कप खाली गेला. मी फरशी पुसता पुसता बडबडत होते. त्याने हात पालथा केला, सुलटा केला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

ऑक्टोबरमध्ये न्यूरॉलॉजिस्टनी स्नायूंत सुया घालून तपासलं आणि मोटर न्यूरॉनचा आजार आहे म्हणून सांगितलं. हातापासून सुरू झालाय, पुढे पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध एकच, आणि तेही थोडे महिने वाढवून देणारं. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, त्यांनी काही लपवलं नाही. दोन वर्षं, तीन वर्षं, काहींना जास्त मिळतात, असं म्हणाल्या. मी ते सगळं वहीत लिहून घ्यावं तशी ऐकत होते, कारण ऐकणं थांबवलं असतं तर मी तिथेच ओरडले असते.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो."

मला इतका संताप आला की वाटलं याला इथेच उतरवून निघून जावं. "आपण आत्ता काय ऐकून आलो?" मी म्हटलं. "आणि तुला सॉफ्टबॉल सुचतोय?"

"ऐकलं ना. म्हणूनच सांगतोय. पहिली मॅच खेळू दे सुवर्णा. एकदा बॉल मारायचा आणि आपल्या पायांनी बेसपर्यंत जायचं. बस. त्या दिवशी संध्याकाळी रुचाला सांगू. मग तू म्हणशील ते, डॉक्टर म्हणतील ते. तोवर कुणाला काही सांगायचं नाही."

"का?"

"कारण सांगितलं की लोक डबे घेऊन येतील. आणि मग मला कुणी 'बॅट टाका' म्हणून ओरडणार नाही."

रुचा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला अजून सहा महिने जुनाच बाबा मिळत असेल तर मिळू दे, असं मलाही वाटलं. आम्ही घरी गेलो आणि मी वरणभाताचा कुकर लावला.

जानेवारीत बॅट घ्यायला गेलो. जुनी त्याच्याने आता उचलून धरवत नव्हती. तो म्हणाला की आपल्याला कॉम्पोझिट बॅट हवी. कार्बनच्या धाग्यांची असते, वजन कमी, पण बॉल लांब जातो, आणि मुख्य म्हणजे हाताला झिणझिण्या येत नाहीत. आम्ही दोघंच जाणार होतो. पण सत्यजितला कुठून तरी कळलं. सत्यजित टीमचा कॅप्टन, पुण्याचा, बत्तीस वर्षांचा. घरचे त्याला स्थळं पाठवायचे आणि हा इंटरनेटवर बॅटींचे रिव्ह्यू वाचायचा. "मोरूभाऊ, माझ्याशिवाय बॅट घ्याल? कसं शक्य आहे यार?" असं म्हणून तो थेट दुकानातच हजर झाला.

एल कॅमिनो रस्त्यावरचं ते खेळाच्या सामानाचं मोठं दुकान. एक अख्खी भिंत बॅटींची. सत्यजितने एक काळी बॅट काढली. "ही बघा. थर्टी औंस, एंड लोडेड. म्हणजे वजन टोकाकडे जास्त. तुमच्यासारख्या पॉवरवाल्याला हीच. एकदा कनेक्ट झाली की बॉल थेट फेन्सबाहेर."

मोरेश्वरने ती हातात घेतली. टोक हळूहळू खाली गेलं आणि फरशीला टेकलं.

"ग्रिप गुळगुळीत आहे रे," तो म्हणाला.

सत्यजितने दुसरी काढली, अठ्ठावीस औंसांची. मोरेश्वरने ती खांद्यापर्यंत नेली, अर्धी फिरवली आणि परत ठेवली. जानेवारीच्या थंडीत त्याच्या कपाळाला घाम आला होता. "बॅलन्स नीट वाटत नाही," म्हणाला. सत्यजितने तिसरी काढली. "मग ही. हिचे रिव्ह्यूज सॉलिड आहेत. जरा पूर्ण स्विंग करून दाखवा ना, म्हणजे सांगता येईल. काय झालं, खांदा दुखतोय का?"

"नाही नाही. खांद्याला काय झालंय?"

खालच्या रांगेत एक लाल बॅट होती. सव्वीस औंस, वजन सगळीकडे सारखं, हँडल बारीक. मोरेश्वरची नजर तिच्याकडे दोनदा गेली आणि दोनदा परत आली. साखर वाढल्यापासून जिलबीकडे बघतो ना, अगदी तसा बघत होता. हात पुढे करायची त्याची हिंमत नव्हती. ती उचलली असती तर सत्यजितने विचारलं असतं, आणि सत्यजित एकदा विचारायला लागला की थांबत नाही.

मी वाकून ती बॅट उचलली. "ही घे. लाल."

सत्यजित हसला. "वहिनी, ती फार लाइट आहे. लेडीज वापरतात, मिक्स टीममध्ये."

"असू दे. मला लाल हवी."

"अहो पण खेळायचं भाऊंना आहे ना?"

"खेळायचं त्याला आहे आणि बघायचं मला आहे," मी आवाज चढवला. "आठ वर्षं दर शनिवारी त्या लोखंडी पायऱ्यांवर मी उन्हात भाजून निघतेय. तिथून मला हा काळ्या बॅटचा दिसतो का लाल बॅटचा दिसतो, ते मी ठरवणार. लग्नाच्या वाढदिवसाला काय दिलंस रे मला? तीन वर्षांत एक साडी तरी? मग एक बॅट माझ्या आवडीच्या रंगाची घ्यायला तुझं काय जातं?"

बूट बघायला आलेलं एक मेक्सिकन कुटुंब वळून आमच्याकडे बघायला लागलं. भाषा कळत नसली तरी नवराबायकोचं भांडण जगात कुणालाही कळतं. सत्यजित कानापर्यंत लाल झाला. "भाऊ, घेऊन टाका," तो हळूच म्हणाला. "होम मिनिस्टरपुढे आपलं काय चालणार?"

"आता बघ," मोरेश्वर म्हणाला आणि मान हलवत त्याने माझ्या हातातून बॅट घेतली. त्याने ती उचलली. टोक खाली गेलं नाही. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि त्या चेहऱ्यासाठी मी दुकानभर भांडले असते, साऱ्या सांता क्लाराशी भांडले असते.

परत येताना गाडी मी चालवत होते. ऑक्टोबरपासून मीच चालवायचे. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "तुला लाल रंग कधीपासून आवडायला लागला?"

"नाहीच आवडत मला," मी म्हटलं. मग मला रडू फुटलं. सिग्नल हिरवा होऊन मागची गाडी हॉर्न देईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

घरी येऊन त्याने बॅटबरोबरची माहिती वाचली आणि खूश झाला. कॉम्पोझिट बॅट नवी कोरी असताना मुकी असते. चारपाचशे फटके तिच्यावर बसावे लागतात, आधी हलके मग जोरात, आणि प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातात पाव वळसा फिरवायची, म्हणजे ती चहूबाजूंनी सारखी मोकळी होते. मग तिच्यातून बॉल उडायला लागतो. "ही आपल्यातली बॅट आहे," तो म्हणाला. नागपूरला नव्या बॅटला जवसाचं तेल पाजायचे आणि मोज्यात बॉल घालून महिनाभर ठोकत बसायचे, ते त्याला आठवलं. "अ‍ॅल्युमिनियमची पहिल्या दिवशी जशी, तशीच शेवटच्या दिवशी. ही लोणच्यासारखी मुरते. आणि गंमत सांगू? तुटायच्या थोडं आधी सगळ्यात छान चालते म्हणे."

"गप्प बस," मी म्हटलं. मला यात काही गंमत वाटली नव्हती.

पण चारपाचशे फटके मारणार कोण? दहाव्या फटक्याला त्याचे हात उतरले. त्याने बॅट माझ्यापुढे धरली.

मी जन्मात बॅट धरली नव्हती. शाळेत खोखो खेळताना सुद्धा मी बसलेलीच राहायचे. पण शनिवार-रविवारी भर दुपारी आम्ही शाळेच्या मोकळ्या मैदानावर जायला लागलो. साठ अंश फॅरनहाइटच्या खाली थंडी असेल तर ही बॅट वापरायची नाही, तडा जातो. म्हणून निघण्यापूर्वी मी गॅलरीतला थर्मामीटर बघायचे, पूर्वी रुचाचा ताप बघायचे तितक्या काळजीने. तो बाजूला स्टुलावर बसून डाव्या हाताने बॉल उडवायचा आणि मी तो जाळीच्या कुंपणावर मारायचे. "पाव वळसा," तो म्हणायचा. मी फिरवायचे. "कोपर वर. पाव वळसा. अगं बॉलकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस?"

मी त्याच्याकडेच बघत होते. पुढे बघायला मिळणार नाही, म्हणून बघत होते.

आठवड्यामागून आठवडे गेले. माझ्या तळव्यांना घट्टे पडले. रुचाला वाटलं आईला चाळिशीत नवीन खूळ लागलंय. "मॉम, आर यू ओके?" असं तिने एकदा विचारलंसुद्धा. मी म्हटलं, "वजन कमी करतेय." मार्चमध्ये एका दुपारी बॅटचा आवाज बदलला. इतके दिवस बद्द वाजायची, ती एकदम खणखणीत वाजली आणि बॉल कुंपणावरून पलीकडे रस्त्यावर गेला. मोरेश्वर स्टुलावरून उठून उभा राहिला. "मुरली!" तो ओरडला. "सुवर्णा, मुरली बॅट!" आणि डाव्या हाताने त्याने मला जवळ ओढलं. इतकं सुख आणि इतकं दुःख एकाच वेळी मला तोवर कधी झालं नव्हतं.

बॅट मुरत गेली तसा त्याचा हात उतरत गेला. शर्टाची बटणं मी लावायला लागले. बॅटच्या हँडलवर मी टेनिस रॅकेटची पट्टी दुहेरी गुंडाळली, म्हणजे मूठ पूर्ण मिटावी लागू नये. बॅट मनगटाला बांधायला पट्टा शिवून देते, असंही मी सुचवलं. "अंपायर चालू देणार नाही," तो म्हणाला. "आणि एवढं काय? बॅट सोडायची नाही, हे एकच तर मला येतं."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मॅच होती. ऊन छान पडलं होतं. बुटांच्या नाड्या मी घरीच बांधून दिल्या होत्या, रुचा आंघोळीला गेली होती तेव्हा. त्याने सत्यजितला सांगून आपला नंबर आठवा करून घेतला. लाल बॅट बघून टीमने त्याची यथेच्छ टर उडवली. वहिनींची परवानगी घेतली का, कुंकू लावून आणली का, सगळं झालं. तो मनापासून हसत होता. त्याला हेच तर हवं होतं.

त्याची पाळी आली. रुचा माझ्या शेजारी बसली होती, तोंडात च्युइंग गम. पहिला बॉल त्याने सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरवली ती बॉलच्या कितीतरी खालून गेली. "जरा जोर लावा भाऊ!" सत्यजित ओरडला. मी डोळे मिटून घेतले. मग मला वाटलं, मी नाही बघणार तर कोण बघणार? डोळे उघडले.

तिसरा बॉल उंच चढला आणि खाली यायला लागला. मी मनात म्हटलं, कोपर वर.

खणखणीत आवाज झाला. तोच आवाज, शाळेच्या मैदानावरचा. बॉल शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या हिरवळीवर पडला. मी उठून उभी राहिले. तो पळत सुटला होता. उजवा पाय किंचित ओढत होता, पण पळत होता आणि सवयीप्रमाणे बॅट उजव्या हातात होती. सगळा बाक ओरडत उठला, "मोरूभाऊ, बॅट टाका! टाका बॅट!" आणि रुचा पायरीवर चढून किंचाळत होती, "बाबा, ड्रॉप इट! ड्रॉप द बॅट!"

अर्ध्या वाटेवर बॅट पडली.

त्याने टाकली नव्हती. मी बोटं उघडताना पाहिली, त्या चहाच्या कपाच्या वेळी उघडली होती तशीच. बॅट गवतावर पडली. तो एक पाऊल अडखळला, मान वळवून मागे बघितलं, मग हाताकडे बघितलं. उचलायला वाकणार असं मला वाटलं. पण बॉल परत येत होता. तो तसाच मोकळ्या हाताने पळाला आणि बेसवर पोहोचला.

बाकावर एकच जल्लोष झाला. "टाकली! टाकली! आठ वर्षांनी टाकली!" सत्यजितने टोपी हवेत उडवली. समोरच्या टीममधले जुने अमेरिकन, जे त्याला ओळखून होते, तेही टाळ्या वाजवायला लागले. रुचा उड्या मारत होती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. बेसवर उभ्या मोरेश्वरने डावा हात वर करून सगळ्यांना अभिवादन केलं. उजवा हात त्याने मांडीला चिकटवून ठेवला होता.

आमच्या टीमची बॅटिंग संपली. तो माझ्या दिशेने चालत आला. त्याच्या आधी रुचा धावत मैदानात गेली, गवतातून लाल बॅट उचलली, आपल्या टीशर्टला पुसली आणि दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाबांपुढे धरली. संध्याकाळी तिला सांगायचं ठरलं होतं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

"सी, बाबा?" ती म्हणाली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. "वॉज इट दॅट हार्ड?"

मोरेश्वरने डाव्या हाताने बॅट घेतली. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "आपोआपच झालं."